काडाची भाजी करणारी बुरशी

मोबाइल उघडला की हल्ली मश्रूमच्या दोन तऱ्हेच्या जाहिराती हटकून दिसतात. एकीत मश्रूमची कॉफी असते: मेंदू तल्लख, झोप गाढ, प्रतिकारशक्ती दणदणीत. दुसरीत एक खोली असते: दहा बाय दहाच्या जागेत घरबसल्या लाखोंची कमाई, माल आम्हीच उचलणार. या दोन्ही गलबल्यात मूळ गोष्ट बाजूलाच राहते. गव्हाचं काड, सोयाबीनचं कुटार, भाताचा पेंढा, उसाचं पाचट यातलं काहीच माणसाच्या पोटाला पचत नाही. धिंगरी अळंबी, म्हणजे ऑयस्टर मश्रूम, हे सगळं खाते आणि दोन महिन्यांच्या आत त्याची ताटात वाढता येईल अशी भाजी करून देते. तिचं आरोग्यातलं आणि पर्यावरणातलं मोल आहे ते एवढ्यावरच, आणि ते काही थोडं नाही.

अळंबी म्हणजे नेमकं काय?

अळंबी ही बुरशी आहे. ती वनस्पतीही नाही आणि प्राणीही नाही. आपण छत्री म्हणून जी तोडतो ते तिचं फळ. आंबा दिसतो आणि झाड दिसत नाही, असं समजा. झाड म्हणजे काडात किंवा मातीत पसरलेलं पांढऱ्या तंतूंचं जाळं, त्याला कवकजाल म्हणतात. शिळ्या भाकरीवर लव धरते, तोही याच जातीचा प्रकार.

आपण आधी गिळतो आणि मग पचवतो. बुरशी आधी पचवते आणि मग गिळते. तिला पोट नाही, म्हणून ती पाचकरस बाहेर काडावर सोडते आणि विरघळलेलं शोषून घेते. काडाची रचना घराच्या स्लॅबसारखी असते. सेल्युलोज या सळया आणि लिग्निन हे सिमेंट. गाईच्या पोटातले जीवाणू सळया पचवतात, पण सिमेंटपाशी त्यांची गाडी अडते. ते सिमेंट फोडू शकणाऱ्या मोजक्या बुरश्या आहेत आणि धिंगरी त्यांपैकी एक. पावसात कुजलेलं लाकूड पांढरं, तंतुमय होऊन हाताने सुटतं, ती अशाच बुरश्यांची करामत.

जाता जाता एक गंमत. काडात नत्र फार कमी असतं. ती कसर भरून काढायला धिंगरीचं कवकजाल सूक्ष्म सूत्रकृमींना, म्हणजे दोऱ्यासारख्या बारीक किड्यांना, विषाने लुळं करून फस्त करतं. अळंबी शाकाहारी की मांसाहारी, हा वाद ज्यांना घालायचा त्यांनी हेही ध्यानात घ्यावं.

मग पावसाळ्यात उगवते ती फुकटची का नको?

कोकणात आणि गोव्यात वारुळांवर येणारी अळंबी पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली जाते. ती ओळखणारी माणसं गावात आहेत, त्यांच्याकडून घेणं वेगळं. फोटो पाहून किंवा मोबाइलमधल्या ॲपला विचारून तोडणं म्हणजे जिवाशी खेळ. चांदीचा चमचा काळा पडतो का, शिजवताना लसूण काळवंडतो का, किड्यांनी खाल्ली आहे का, यांपैकी एकाही परीक्षेला अर्थ नाही. सर्वांत घातक विष शिजवून जात नाही. त्याची उलटी-जुलाबाची लक्षणं बहुधा सहा ते बारा तासांनी किंवा त्याहूनही उशिरा दिसतात. मग एखादा दिवस बरं वाटतं आणि तोवर यकृत निकामी होत आलेलं असतं. असा संशय आला, तर बरं वाटेपर्यंत थांबू नये. उरलेला तुकडा बरोबर घेऊन थेट इस्पितळ गाठावं.

खाल्ल्याने नेमकं काय मिळतं?

ताज्या अळंबीत सुमारे ९० टक्के पाणी असतं. १०० ग्रॅम धिंगरीत साधारण ३३ किलोकॅलरी, तीन-सव्वातीन ग्रॅम प्रथिनं, दोन ग्रॅमच्या आसपास तंतू, चांगलं पोटॅशियम, आणि बी गटातलं नायसिन सुमारे पाच मिलिग्रॅम. चरबी नगण्य. पोट भरतं, कॅलरी कमी जातात आणि मांसाची आठवण यावी अशी चव लागते. मटणाच्या रश्श्यात निम्मं मटण काढून तिथे धिंगरी घातली, तर पंगतीत फारशी कुरकुर होत नाही.

प्रथिनांबाबत मात्र जाहिराती हात सैल सोडतात. प्रयोगशाळेत प्रथिनं थेट मोजत नाहीत. नत्र मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. पण बुरशीच्या पेशींच्या भिंती कायटिनच्या असतात. खेकड्याच्या पाठीचं कवच असतं तेच हे कायटिन. त्यातही नत्र असतं आणि ते आपल्याला प्रथिन म्हणून मिळत नाही. म्हणून अळंबीसाठी गुणक ४.३८ धरतात. पाकिटावर ३० टक्के प्रथिनं लिहिली असतील आणि हिशेब ६.२५ ने केला असेल, तर खरा आकडा २१ च्या आसपास येतो. शिवाय तो आकडा वाळवलेल्या भुकटीचा असतो. वाटीभर वरणात ३० ग्रॅम तूरडाळ गेली की साडेसहा ग्रॅम प्रथिनं मिळतात, तेवढ्यासाठी २०० ग्रॅम ताजी अळंबी खावी लागेल. तेव्हा वरण चालू ठेवा.

बी-१२ साठी अळंबीच्या भरवशावर राहू नये, त्यात ते नावापुरतंच असतं. ड जीवनसत्त्वाचं तसं नाही. बुरशीच्या पेशीत अर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ असतो, आणि उन्हातल्या अतिनील किरणांनी त्याचं ड-२ बनतं. आपल्या कातडीत घडतं तसंच हे काम. अळंबी बंद खोलीत वाढते, त्यामुळे विकत आणलेल्या पाकिटात ड जवळजवळ नसतं. घरी आणल्यावर काप करून, छत्रीच्या खालच्या झालरी वर येतील असे ताटात पसरून, दुपारच्या उन्हात अर्धा ते एक तास ठेवा. १०० ग्रॅममध्ये १० मायक्रोग्रॅमच्या पुढे ड तयार होऊ शकतं. मोठ्या माणसाची रोजची गरज १५ मायक्रोग्रॅम धरली जाते. ताट खिडकीच्या काचेमागे ठेवू नका, काच नेमके तेच किरण अडवते. शिजवल्यावरही यातलं बरंचसं टिकतं. रक्ताच्या तपासणीत ड फार कमी निघालं असेल, तर मात्र डॉक्टरांनी दिलेली ड-३ ची मात्राच घ्यावी. ती ड-२ पेक्षा चांगली लागू पडते.

आणि कच्ची खाऊ नका. धिंगरीत उष्णतेने निकामी होणारी काही त्रासदायक प्रथिनं असतात. कढई चांगली तापवून, आधी तेल न घालता अळंबीचं पाणी आटवा, मग फोडणी. पाण्यात भिजत घातली, तर ती स्पंजासारखं पाणी पिते आणि भाजीचा लगदा होतो.

आणि औषधी गुणांचं काय?

बुरश्यांनी वैद्यकाला दिलेलं देणं खरं आणि मोठं आहे. १९२८ मध्ये पेनिसिलिन एका बुरशीत सापडलं. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गोळ्यांची सुरुवात १९७० च्या दशकात जपानमध्ये अकिरा एन्डो यांनी एका बुरशीतूनच केली. त्या गटातलं लोव्हास्टॅटिन थोड्या प्रमाणात धिंगरीतही आढळतं.

इथेच घसरण सुरू होते. गोळीत लोव्हास्टॅटिन मिलिग्रॅमला मोजून घातलेलं असतं. भाजीत ते किती, हे जातीवर, काडावर, तोडणीच्या दिवसावर बदलतं. भाजी खाऊन गोळी बंद करणारा माणूस मोजमाप सोडून अंदाजावर येतो.

प्रतिकारशक्तीचा दावा तर आणखी मजेशीर आहे. कीडाजडी म्हणून जी हिमालयातली बुरशी सोन्याच्या भावाने विकली जाते, तिच्याच कुळातल्या एका बुरशीपासून सायक्लोस्पोरिन मिळालं. बदललेलं मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून रुग्णाची प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवणारं ते औषध. एकाच कुळात वाढवणारंही असेल आणि दाबणारंही. मग "मश्रूमने प्रतिकारशक्ती वाढते" या सरसकट वाक्यात काय उरलं? काही अळंब्यांमधल्या बीटा-ग्लुकान या तंतुमय शर्करांचा प्रतिकारपेशींवर परिणाम होतो हे खरं. शिताके या अळंबीपासून काढलेल्या लेंटिनानला जपानमध्ये कर्करोगाच्या उपचाराला जोड म्हणून मान्यताही मिळाली. पण ते शुद्ध केलेलं औषध इस्पितळात इंजेक्शनने देत, आणि तेही मूळ उपचाराबरोबर. कॉफीच्या चमचाभर भुकटीला तो न्याय लावता येत नाही.

भुकटी घ्यायचीच असेल, तर डब्यावर एवढं पाहा: आत छत्री वाळवून दळली आहे, की धान्यावर वाढवलेलं कवकजाल धान्यासकट दळलं आहे? दुसऱ्या प्रकारात तुम्ही बऱ्याच अंशी तांदळाचं किंवा ज्वारीचं पीठ महागात घेत असता. चिमूटभर भुकटी पाण्यात उकळा, गार करा आणि टिंक्चर आयोडीनचा थेंब टाका. गडद निळं-काळं झालं, तर पिठाचा भरणा आहे. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी किंवा यकृताचा त्रास असणाऱ्यांनी रेशी या औषधी म्हणून विकल्या जाणाऱ्या अळंबीच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

घरी दहा किलो काडावर करायची तर कशी?

बटण अळंबीला खास कंपोस्ट आणि सोळा-सतरा अंशांचा गारवा लागतो, म्हणजे वातानुकूलन आलं. धिंगरीला २० ते २८ अंश आणि ओलसर हवा पुरते. म्हणून महाराष्ट्रात घरच्या घरी करायची तर धिंगरीच. तिच्या जातींपैकी पांढरी फ्लोरिडा हिवाळ्यात बरी, राखाडी साजोर-काजू जरा गरम हवा सोसते, गुलाबी तिशीच्या पुढेही येते. मार्च संपला की विदर्भ-मराठवाड्यात गोणपाट आणि पाणी मारून किल्ला लढवता येत नाही, दोन महिने विश्रांती घ्यावी.

मुख्य कल्पना दह्याची आहे. दूध तापवतो तेव्हा आतले नको ते जंतू मरतात. मग कोमट झाल्यावर विरजण लावतो. इथे दूध म्हणजे काड आणि विरजण म्हणजे स्पॉन. ज्वारीच्या किंवा गव्हाच्या उकडलेल्या दाण्यांवर वाढवलेलं कवकजाल म्हणजे स्पॉन. ते शुभ्र असावं, हिरवा-काळा ठिपका दिसला की परत करावं. कृषी विद्यापीठं आणि पुण्याच्या कृषी महाविद्यालयातला अळंबी प्रकल्प ही त्यासाठी खात्रीची ठिकाणं.

काड यंदाचं, सोनेरी, पावसात न भिजलेलं घ्या. दोन-तीन इंचांचे तुकडे करून पोत्यात भरा आणि आठ ते बारा तास थंड पाण्यात बुडवून ठेवा. मग निथळून, ८० अंशांच्या गरम पाण्यात एक तास. अंदाजाने "चांगलं गरम" नको, शंभर-दोनशे रुपयांचा थर्मामीटर वापरा. पोतं तिरक्या फळीवर ठेवून पाणी निथळू द्या आणि काड पूर्ण गार होऊ द्या. मूठभर काड घट्ट पिळा. तळहात ओला व्हावा, पण थेंब पडू नये. तो ओलावा ६५ टक्क्यांच्या आसपास असतो. इथे घाई करणाऱ्यांच्या पिशव्या नासतात.

दहा किलो सुक्या काडाचं ओलं वजन २६ ते ३० किलो भरतं. त्याला दोन टक्के, म्हणजे ५०० ते ६०० ग्रॅम स्पॉन. ३५ बाय ५५ सेंटिमीटरच्या पिशवीत चार बोटं काडाचा थर, कडेकडेने स्पॉन, पुन्हा थर. दाबून भरा, हवेच्या पोकळ्या नकोत. तोंड बांधून टाचणीने पंचवीस-तीस भोकं पाडा. अशा सहा-सात पिशव्या होतील. त्या अंधाऱ्या जागी पंधरा ते वीस दिवस ठेवायच्या. पिशवी सगळीकडून पांढरी आणि ठोकळ्यासारखी घट्ट झाली की प्लास्टिक ब्लेडने कापून काढायचं. आता पुस्तक वाचता येईल इतका उजेड, खेळती हवा, आणि दिवसातून दोन-तीनदा भिंती-जमिनीवर व ठोकळ्यावर पाण्याचा हलका फवारा. चार-पाच दिवसांत टाचणीच्या डोक्याएवढे कोंब दिसतात, आणखी तीन-चार दिवसांत घोस काढणीला येतो. छत्रीची कड वर वळण्याआधी पिळून काढा, चाकूने देठ मागे ठेवू नका, तो सडतो. काढणीच्या अगदी आधी पाणी मारू नये. आठवडाभराने दुसरं पीक, मग तिसरं. तिन्ही मिळून पाच ते सात किलो, आणि त्यातलं निम्म्याच्या आसपास पहिल्याच वेळी.

काही ठिकाणी गरम पाण्याऐवजी काड फॉर्मॅलिन हे जंतुनाशक आणि कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक यांच्या द्रावणात भिजवायला सांगतात. मोठ्या प्रमाणावर ते सोयीचं पडतं. पण घरच्या भाजीसाठी, बंद खोलीत, डोळ्यांना झोंबणारं फॉर्मॅलिन कशाला?

नेमकं काय बिघडतं?

हिरवे डाग पडले, तर तो ट्रायकोडर्मा, म्हणजे दुसरी एक हिरवी बुरशी. पाणी ८० अंशांना पोहोचलं नव्हतं, किंवा काड गार व्हायला उघड्यावर फार वेळ राहिलं. ती पिशवी खोलीतून लगेच बाहेर काढा. हाच ट्रायकोडर्मा शेतकरी मर रोगावर बीजप्रक्रियेला वापरतात, शेतात तो मित्र असतो. त्याचं पाकीट हाताळून त्याच हातांनी, त्याच कपड्यांवर स्पॉन भरायला बसलात, तर शत्रूला घरी बोलावून आणलंत.

आंबूस वास आणि चिकट काड म्हणजे पाणी जास्त राहिलं आणि जीवाणू वाढले. काळी पडून शाईसारखी विरघळणारी बारीक छत्री उगवली, तर काड अर्धवट तापलं होतं. ती खायची नाही. देठ लांबलचक आणि टोपी टिकलीएवढी आली, तर खोली कोंदट आहे: कवकजाल श्वासातून कर्बवायू सोडतं आणि तो साठला की छत्री हवा शोधत उंच जाते. कोंब पिवळे पडून सुकले, तर हवा कोरडी आहे किंवा पंख्याचा झोत थेट लागतोय. बारीक माश्यांसाठी दारं-खिडक्यांना जाळी, आणि दिव्याखाली तेल लावलेला पिवळा कागद.

एक इशारा बहुतेक व्हिडिओंत सांगत नाहीत. पक्व छत्रीतून बीजाणूंची पांढरी धूळ उडते. रोज ती श्वासात गेली, तर खोकला, ताप, धाप आणि पुढे फुप्फुसाचा आजारही होतो. म्हणून पिशव्या झोपण्याच्या खोलीत ठेवायच्या नाहीत, मास्क लावून काढणी करायची, आणि ती वेळेवर करायची. दम्याच्या रुग्णाने हे काम दुसऱ्यावर सोपवावं.

धंदा म्हणून पाहणाऱ्यांसाठी थोडक्यात: ताजी धिंगरी उन्हाळ्यात एका दिवसात मान टाकते, फ्रीजमध्ये चार-पाच दिवस टिकते. वाळवली तर दहा किलोची एक किलो होते. "माल आम्ही उचलू" म्हणणाऱ्याकडून महागडं किट घेण्याआधी आपल्या गावात, तालुक्याला आठवड्याला किती किलो खपेल ते दहा पिशव्यांवर पाहावं. मागे फिरायची वेळ आली, तरी तेवढ्यावर फार बुडत नाही.

पर्यावरणाचा फायदा खरा आहे का?

देशात वर्षाला सुमारे ५० कोटी टन पीक-अवशेष निघतात, असा सरकारी अंदाज नेहमी दिला जातो. त्यातला काही कोटी टनांचा वाटा शेतातच पेटवला जातो. तो पेटवण्याऐवजी त्यातून भाजी काढली, तर धूर टळतो, आणि भाजीसाठी वेगळी जमीन, वेगळं खत लागत नाही. हा फायदा खरा.

"अळंबी कार्बन शोषते" हे मात्र खोटं. झाड कर्बवायू घेतं, अळंबी तो सोडते. दहा किलो काडाला पाच-सात किलो पीक ऐकायला मोठं वाटतं, पण त्यात सुका अंश अर्धा-पाऊण किलोच असतो. बाकीचं पाणी. काडाचा बराचसा कर्ब कवकजालाच्या श्वासावाटे हवेत गेलेला असतो. शेतात कुजला असता, तरी तो तसाच गेला असता.

गॅसचाही हिशेब करू. १०० लिटर पाणी २५ वरून ८० अंशांवर न्यायला साधारण २३ मेगाज्यूल उष्णता लागते. शेगडीत वाया जाणारी धरून पाऊण ते एक किलो गॅस जातो. एकाच गरम पाण्यात लागोपाठ दोन पोती काढली, तर खर्च जवळपास निम्मा. प्लास्टिकच्या पिशव्या हाही डाग आहेच. जाड पिशव्या धुऊन, गरम पाण्यातून काढून पुन्हा वापरता येतात, किंवा झाकणाच्या बादलीला भोकं पाडून तीच वर्षानुवर्षं चालवता येते.

सर्वांत रास्त आक्षेप दुष्काळी भागातला आहे. कुटार हा जनावरांचा चारा आहे, तो अळंबीला घातला तर बैलाने काय खायचं? उत्तर साधं आहे: चाऱ्याची टंचाई असेल, तर चाऱ्याला हात लावू नका. पाचट, केळीची वाळलेली पानं, मक्याची कणसं मळल्यावर उरणारी बुरकुंडं, हे जनावरं नाखुशीनेच खातात आणि धिंगरीला चालतं. उत्पन्न थोडं उतरेल, एवढंच.

थर्माकोलऐवजी कवकजालाचं पॅकिंग हीही याच गुणाची दुसरी बाजू. साच्यात काडाचा भुगा आणि कवकजाल भरायचं, काही दिवसांत ते एकमेकांत विणलं जाऊन घट्ट झालं की भट्टीत तापवून मारायचं. अमेरिकेत इकोव्हेटिव्ह ही कंपनी २००७ पासून या कामात आहे. पॅकिंग मातीत कुजतं, पण थर्माकोलपेक्षा जड असतं आणि पाणी पितं.

तिसऱ्या काढणीनंतर ठोकळा हलका, तपकिरी, हाताने भुगा होईल असा झालेला असतो. लिग्निनचं सिमेंट बरंच फुटलेलं असल्यामुळे गांडुळांना तो कच्च्या काडापेक्षा लवकर पचतो. निम्मं शेण मिसळून, ओल राखून वाफ्यात घाला. फॉर्मॅलिन-कार्बेन्डाझिममध्ये भिजवलेलं काड असेल, तर ते जनावरांपुढे टाकू नका. हिरवी बुरशी आलेले ठोकळे अळंबीच्या खोलीपासून लांब नेऊन मातीत गाडा.